चंद्रकोर, अंधारी खोली आणि इब्न हैसम

शाबान महिन्याची २९ तारीख आली की नगरमध्ये मुकुंदनगर, झेंडीगेट, कोठला या भागांत संध्याकाळी गच्च्या माणसांनी भरून जातात. मगरिबची अजान होते आणि सगळ्यांच्या नजरा पश्चिमेला लागतात. पोरांना चंद्र सगळ्यांत आधी दिसतो, निदान ती तसे सांगतात. म्हाताऱ्यांना तो ढगाचा काठ वाटतो. चष्मा पुसून पुन्हा पाहिले जाते. शेजारच्या गल्लीतले हिंदू, जैन मित्र फोन करून उद्या पहिला रोजा आहे का, एवढेच विचारतात. सगळे शेवटी एका गोष्टीवर येऊन थांबते, ती म्हणजे आकाशातली ती बारीक कोर कुणाच्या डोळ्यांना खरोखर दिसली का.

पण डोळ्यांना दिसले, म्हणजे नेमके काय झाले? दिसते ते तसेच असते का? हा साधा वाटणारा प्रश्न ज्या माणसाने आयुष्यभर हातातून सोडला नाही, त्याला जाऊन आता हजार वर्षे होत आली. त्यांचे पूर्ण नाव अबू अली अल-हसन इब्न अल-हसन इब्न अल-हैसम. उर्दू वाचकांना ते इब्नुल हैसम म्हणून माहीत आहेत, तर युरोपने त्यांना अल्हाझेन या नावाने ओळखले. आजच्या मोबाइलमधल्या कॅमेऱ्यापासून अंतराळातल्या दुर्बिणीपर्यंत प्रकाशाच्या शास्त्राचा इतिहास लिहायला घेतला, तर त्यांच्या नावावाचून पुढे जाता येत नाही.

त्यांचा जन्म इसवी सन ९६५ च्या सुमारास इराकमधल्या बसरा शहरात झाला. बसरा हे नाव मराठी घरांना परके नाही. नथीत बसवलेल्या बसरा मोत्यांची आठवण आजही जुन्या घरांतून निघते. इराणच्या आखाताजवळचे हे बंदर व्यापाराचे होते, तसे विद्येचेही होते. त्याआधीच्या दोन शतकांत बगदादमध्ये ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे मोठ्या प्रमाणावर झाली होती आणि त्या कामात मुस्लिमांबरोबर ख्रिस्ती आणि साबियन विद्वानांचाही मोठा वाटा होता. त्यामुळे युक्लिडची भूमिती, टॉलेमीचे खगोलशास्त्र, गॅलेनचे वैद्यक आणि ॲरिस्टॉटलचे तत्त्वज्ञान हे सारे बसऱ्याच्या या हुशार मुलाला स्वतःच्या भाषेत वाचायला मिळाले. गणित आणि खगोल यांत त्यांनी लवकरच नाव कमावले.

त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते पाण्यावरून. ही हकीकत इब्न अल-किफ्ती या तेराव्या शतकातल्या चरित्रकाराने नोंदवली आहे. नाईल नदीला दरवर्षी पूर येई. पूर बेताचा आला तर पीक चांगले, फार आला तर गावे पाण्याखाली आणि कमी आला तर इजिप्तभर दुष्काळ. आपण मिसरमध्ये असतो तर या नदीला शिस्त लावली असती, असे इब्न हैसम बोलून गेले. बोलणे हवेत विरले नाही. ते कैरोच्या फातिमी खलिफाच्या, अल-हाकिमच्या कानावर गेले. त्याने त्यांना बोलावून घेतले, मान दिला आणि माणसे बरोबर देऊन कामाला लावले.

इब्न हैसम नाईलच्या काठाने दक्षिणेकडे निघाले. वाटेत त्यांना प्राचीन इजिप्शियनांची बांधकामे दिसत गेली. मोजमापात काटेकोर, दगडात पक्की आणि आकाराने थक्क करणारी. पाहता पाहता त्यांच्या मनात शंका शिरली. एवढी भूमिती आणि एवढे स्थापत्य ज्यांच्या हाती होते, त्यांना नदी अडवण्याचा विचार सुचला नसेल का? सुचला असेल आणि तरीही त्यांनी ते केले नसेल, तर ते शक्य नसावे. अस्वानजवळ, जिथे उंचावरून पाणी खाली येते तिथे, त्यांनी जागा पाहिली, हिशेब केला आणि आपली योजना त्या काळच्या साधनांनी होणारी नाही हे ओळखले.

पाण्याची किंमत नगर जिल्ह्याला कुणी शिकवायला नको. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्ण होईपर्यंत आणि त्यानंतरही इथल्या अनेक तालुक्यांनी पाण्याची आश्वासने ऐकत पिढ्या काढल्या आहेत. पाणी आणतो म्हणून सांगणारे पुष्कळ असतात. दरबारात परत जाऊन माझा अंदाज चुकला असे सांगणारा मात्र विरळा. इब्न हैसम यांनी तेच केले, आणि तेही ज्याची मर्जी कधी फिरेल याचा नेम नाही अशा राज्यकर्त्यासमोर. अल-हाकिमच्या हुकमाने त्याचे कितीतरी वजीर आणि अधिकारी प्राणाला मुकले होते. अस्वानला मोठे धरण शेवटी झाले, पण ते १९७० मध्ये. तेव्हा इब्न हैसम यांना जाऊन नऊशेहून जास्त वर्षे झाली होती.

खलिफाने त्यांना लगेच शिक्षा केली नाही, एक सरकारी पद दिले. पण त्या पदावर राहणे म्हणजे रोज धोक्याच्या सावलीत राहणे होते. किफ्तीच्या हकीकतीप्रमाणे त्यांनी वेड लागल्याचे सोंग घेतले. वेड्याला शासन करायचे नाही, असा दंडक होता. त्यांची मालमत्ता दुसऱ्याच्या ताब्यात गेली आणि त्यांना घरात कोंडून ठेवण्यात आले. १०२१ मध्ये खलिफा एका रात्री टेकड्यांकडे गेला तो परत आलाच नाही. त्यानंतरच इब्न हैसम उघडपणे शहाण्यांत परतले. या हकीकतीतला सोंगाचा भाग आजचे इतिहासकार जपूनच स्वीकारतात. पण कैरोतल्या वर्षांत त्यांच्या हातून जे काम झाले, त्याबद्दल वाद नाही. बंदिवासातही बुद्धीला कुलूप लावता येत नाही, हे नगरकरांना ठाऊक आहे. १९४२ ते १९४५ या काळात इथल्याच भुईकोट किल्ल्यात जवाहरलाल नेहरू आणि मौलाना अबुल कलाम आझाद यांनी आपले ग्रंथ लिहिले.

सुटकेनंतर इब्न हैसम कैरोच्या अल-अझहर मशिदीजवळ राहू लागले. दरबाराकडे त्यांनी पुन्हा हात पसरला नाही. पोटापाण्यासाठी त्यांनी ग्रंथांच्या नकला करण्याचे काम धरले. वर्षातून एकदा ते युक्लिड, टॉलेमी आणि इतर गणिती ग्रंथांच्या प्रती आपल्या सुंदर अक्षरात उतरवत. त्या १५० दिनारांना विकल्या जात आणि त्यावर त्यांचे वर्ष निघे. भावात घासाघीस ते करू देत नसत. उरलेला सगळा वेळ अभ्यासाचा. कष्टाच्या, हलाल कमाईचे महत्त्व रमजानमध्ये पुन्हा पुन्हा सांगितले जाते. त्याचे याहून सरळ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

कैरोतल्या या वर्षांतच किताब अल-मनाझिर हा त्यांचा सात भागांचा ग्रंथ तयार झाला. मनाझिर म्हणजे दृश्ये, दिसणाऱ्या गोष्टी. ग्रंथाच्या मुळाशी असलेला प्रश्न फार जुना होता. युक्लिड आणि टॉलेमी यांचे म्हणणे असे, की डोळ्यातून किरण निघतात, वस्तूला जाऊन भिडतात आणि म्हणून ती दिसते. आपल्याकडे न्यायदर्शनाचे मतही याच्याशी जुळते होते. आज हे ऐकून हसू येईल, पण आपली भाषा अजून तेच बोलते. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, कुणाची तरी नजर लागते. जणू डोळ्यातून काहीतरी बाहेर जाते. दुसऱ्या बाजूला ॲरिस्टॉटलचे अनुयायी म्हणत, की वस्तूचे रूपच डोळ्यात शिरते. पण एवढा मोठा डोंगर एवढ्याशा बुबुळात शिरतो कसा, याचे उत्तर त्यांना देता येत नव्हते.

इब्न हैसम यांनी वादात बाजू घेण्याआधी अनुभव तपासला. सूर्याकडे पाहिले तर डोळा दुखतो. प्रखर उजेडाकडे बराच वेळ पाहून डोळे मिटले, तरी तो उजेड काही काळ समोर राहतो. म्हणजे बाहेरून काहीतरी येऊन डोळ्यावर परिणाम करते. ते काहीतरी म्हणजे प्रकाश. उजेड असलेल्या वस्तूच्या प्रत्येक बिंदूपासून प्रकाश सगळ्या दिशांना सरळ रेषेत जातो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्यात येतो. अख्खा डोंगर आत यायची गरजच नाही. त्याच्या बिंदूबिंदूंचा प्रकाश आला की पुरे.

पण मग हजारो बिंदूंचा प्रकाश वाटेत एकमेकांत मिसळून गोंधळ का होत नाही? यासाठी त्यांनी जो प्रयोग केला, तो आजही कुणालाही घरात करता येईल. एक खोली पूर्ण अंधारी करायची. तिच्या दारात बारीक भोक ठेवायचे आणि बाहेर भोकासमोर वेगवेगळ्या जागी तीन-चार दिवे लावायचे. आतल्या भिंतीवर तेवढेच उजेडाचे ठिपके पडतात. एक दिवा झाकला की एकच ठिपका जातो, बाकीचे जागच्या जागी राहतात. झाकण काढले की तो परत येतो. सगळ्या दिव्यांचा प्रकाश त्या एकाच भोकातून गेला, तरी कुणी कुणात मिसळले नाही.

ही अंधारी खोली आपल्याही ओळखीची आहे. रोज्याच्या दुपारी खिडक्या लावून घटकाभर आडवे झाले, की फटीतून आलेल्या उजेडात कधी कधी समोरच्या भिंतीवर रस्ता उमटतो. माणसे उलटी चालतात, रिक्षा उलटी जाते, डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे. कॅमेऱ्याचा जन्म याच खोलीत आहे. कॅमेरा हा शब्द अरबीतून आला असे अनेकदा अभिमानाने सांगितले जाते, पण ते बरोबर नाही. तो शब्द लॅटिन आहे आणि त्याचा अर्थ खोली. हिंदी-उर्दूतला कमरादेखील पोर्तुगीजांमार्फत त्याच मुळाकडून आला. इब्न हैसम यांचा मान वाढवायला चुकीच्या व्युत्पत्तीची गरज नाही, आणि त्यांना ती आवडलीही नसती.

चंद्रकोरीचाही त्यांनी असाच माग काढला. सूर्याला खंडग्रास ग्रहण लागले की झाडाखालच्या उजेडाच्या गोल कवडशांच्या जागी छोट्या छोट्या कोरी दिसू लागतात. पानांमधल्या बारीक फटी तेच भोकाचे काम करतात. मग खऱ्या चंद्रकोरीचा उजेड भोकातून आत घेतला, तर भिंतीवर कोर का उमटत नाही, गोल ठिपकाच का पडतो? ग्रहणाच्या आकारावर त्यांनी स्वतंत्र प्रबंध लिहिला. भोक किती मोठे आहे आणि पडदा किती दूर आहे यावर आकृती स्पष्ट की अस्पष्ट हे ठरते, हे त्यांनी भूमितीने दाखवले. भोक वाढवत नेले की आकृतीची कोर पुसट होत जाते आणि शेवटी भोकाचाच आकार उरतो.

पण त्यांचा सर्वांत खोल विचार याच्या पुढे आहे. प्रकाश डोळ्यात आला म्हणजे पाहणे पुरे झाले, असे त्यांनी मानले नाही. वस्तूच्या दिसण्यातल्या २२ गोष्टींची यादी त्यांनी केली. त्यात प्रकाश आणि रंग आहेत, तसेच अंतर, आकार, संख्या, हालचाल, सौंदर्यही आहे. डोळ्याला मिळतात ते प्रकाश आणि रंग. बाकीचे मन ठरवते. आधी पाहिलेल्याशी तुलना करते, अंदाज बांधते आणि निष्कर्ष काढते. हे इतक्या झटपट घडते की आपण हिशेब केला हेच आपल्याला कळत नाही.

याचा पुरावा नगरमध्ये दर पौर्णिमेला मिळतो. पूर्वेला चांदबीबी महालाच्या बाजूने चंद्र वर येतो तेव्हा तो केवढा मोठा वाटतो! तोच मध्यरात्री डोक्यावर आला की लहान होतो. कागदाची बारीक सुरळी करून दोन्ही वेळा पाहिले तर चंद्र तेवढाच असतो. क्षितिजाजवळ घरे, झाडे, टेकड्या मध्ये असल्याने मन चंद्राला जास्त दूर मानते आणि इतक्या दूर असूनही एवढा दिसतो म्हणजे मोठाच असणार, असा निवाडा देते. डोळ्याची त्यात चूक नाही. चूक मनाच्या हिशेबाची आहे. इब्न हैसम यांनी हे हजार वर्षांपूर्वी लिहिले. या भ्रमाची चर्चा मानसशास्त्रज्ञ आजही करतात.

मोठ्या नावांपुढे मान लववून गप्प बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. टॉलेमीवर शंका या नावाचा त्यांचा ग्रंथच आहे. ज्या टॉलेमीच्या प्रती करून त्यांचे पोट भरत होते, त्याच्याच सिद्धांतांतल्या विसंगती त्यांनी एकेक करून मांडल्या. सत्य शोधणाऱ्याने थोरांच्या लिखाणावर भरवसा टाकून थांबू नये, ते सगळ्या बाजूंनी तपासावे आणि तपासताना स्वतःच्या मतावरही संशय घ्यावा, अशी त्यांची भूमिका होती. नाईलच्या काठावर स्वतःचा दावा खोटा ठरताना ज्याने पाहिला, त्याच्या तोंडी हे शोभून दिसते. तेही काही ठिकाणी चुकले. प्रकाशाची जाणीव डोळ्यातल्या भिंगाजवळ होते असे त्यांना वाटे, आणि डोळ्यात उलटी प्रतिमा पडते हे त्यांनी मानले नाही. ती दुरुस्ती १६०४ मध्ये योहानेस केप्लरने केली. पण ती करण्यासाठी लागणारी पायरी इब्न हैसम यांनीच बांधून ठेवली होती.

१०४० च्या सुमारास कैरोमध्ये त्यांचे निधन झाले. जुन्या याद्यांत त्यांची नव्वदहून जास्त पुस्तके सापडतात. त्यांत चंद्राच्या प्रकाशावरचा प्रबंध आहे, तसा किब्ल्याची दिशा गणिताने काढण्याची रीत सांगणाराही आहे. त्यातली साधारण पन्नास-पंचावन्न आज उरली आहेत. किताब अल-मनाझिर लॅटिनमध्ये गेला, रॉजर बेकनने तो अभ्यासला आणि १५७२ मध्ये बाझेल शहरात तो छापला गेला. पूर्वेकडे मात्र तो जवळजवळ विसरला गेला होता. अडीचशे वर्षांनी इराणमधल्या कमालुद्दीन अल-फारिसी यांनी त्यावर मोठे भाष्य लिहिले आणि पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यात प्रकाश सोडून इंद्रधनुष्याचे कोडे उलगडले. हे भाष्य प्रथम छापले गेले ते आपल्या दख्खनमध्ये, हैदराबादच्या दायरतुल मआरिफ या संस्थेने, १९२८ ते १९३० या काळात. त्यानंतर दहा वर्षांच्या आत तिथूनच इब्न हैसम यांचे छोटे प्रबंधही प्रसिद्ध झाले. त्या वेळी नगर जिल्ह्याच्या सीमेवर, गोदावरीच्या पलीकडच्या काठापासून निजामाचेच राज्य सुरू होत होते.

डोळा घेतो आणि मन हिशेब करते, हा त्यांचा विचार आज यंत्रांनी उचलला आहे. मोबाइल रात्रीचा फोटो काढतो तेव्हा तो एका फोटोवर थांबत नाही. भराभर अनेक फोटो घेतो आणि त्यांचा मेळ घालून एक चित्र तयार करतो. नाशिकचे रमेश रासकर यांनी पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेतल्या एमआयटीत याच विषयात नाव मिळवले. त्यांच्या गटाने २०१२ मध्ये कोपऱ्याआड लपलेली वस्तू पाहून दाखवली. लेसरचा क्षणिक झोत भिंतीवर सोडायचा. तो विखरून लपलेल्या वस्तूवर जातो, तिथून पुन्हा भिंतीवर येतो आणि थोडासा कॅमेऱ्यात परततो. कोणता प्रकाश किती वेळाने परतला याच्या गणितातून वस्तूचा आकार काढायचा. तिच्याकडून सरळ रेषेत प्रकाश आलेला नसताना ती दिसते. अंधाऱ्या खोलीत ठिपके मोजणाऱ्या इब्न हैसम यांना हा प्रयोग समजून घ्यायला फार वेळ लागला नसता.

किताब अल-मनाझिरच्या हजार वर्षांची आठवण २०१५ या आंतरराष्ट्रीय प्रकाश वर्षात जगभर काढली गेली. पण त्यांची एक खूण त्याच्या कितीतरी आधीपासून आकाशात आहे. चंद्रावरच्या सुमारे ३३ किलोमीटर रुंदीच्या एका विवराला अल्हाझेन हे नाव आहे. ते चंद्राच्या त्या कडेजवळ आहे, जी अमावास्येनंतर सर्वांत आधी उजळते. साध्या डोळ्याला ते विवर दिसत नाही, दुर्बीण लागते. पण रमजान किंवा ईदची कोर शोधायला नगरकर गच्चीवर चढतात, तेव्हा ते चंद्राची नेमकी तीच कड शोधत असतात.